डोंगरावर एकच फोन

कुंदाताई राऊत यांची आणि माझी ओळख झाली ती फोनवर, आणि तीही दटावणीने. माझा धाकटा भाऊ निखिल तुंगारेश्वरच्या डोंगरात पाय घसरून एका घळीत अडकला होता. घोटा मोडला होता, वाट दिसत नव्हती. डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या ताईंचा नंबर मिळवून मी फोन लावला, तर पलीकडून शांत आवाज आला, "बहीण ना तुम्ही? मग आता त्याला फोन करू नका. कुणालाच करू देऊ नका."

बोळिंजच्या आमच्या घरात नेमकं उलट चाललं होतं. मावश्या, मित्र, सोसायटीतले शेजारी, सगळे त्याला धीर द्यायला फोन करत होते. आईला तर दर थोड्या वेळाने त्याचा आवाज ऐकायचा होता. या मायेपायी त्याच्या फोनची बॅटरी संपत आली होती. तो बंद पडला असता, तर एवढ्या जंगलात त्याला शोधायचं कसं?

उमेळ्याच्या आपल्या घराच्या ओटीवर बसून ताई स्वयंसेवकांच्या तुकड्या हलवतात. पोलीस आणि वनखात्याला आधी कळवायचं. डोंगराजवळच्या गावातली तुकडी वर पाठवायची, दोर आणि स्ट्रेचर घेऊन दुसरी पायथ्याशी. बाकीच्यांनी बोलावणं येईपर्यंत घरीच थांबायचं. अडकलेल्याशी बोलायचं ते एकानेच. थांबायला सांगितलं की नवे स्वयंसेवक रुसतात. तेव्हा ताई विचारतात, "तू हरवलास, तर तुला शोधायला कुणाला पाठवू?"

त्या दिवशी त्यांनी आईलाही कामाला लावलं. नातेवाइकांना बातमी द्यायची ती फक्त तिने. आई डोळे पुसून फोनपाशी बसली आणि थोड्याच वेळात मावशीला बजावू लागली, "त्याला फोन केलास तर माझ्याशी गाठ आहे." घाबरलेल्या माणसाला नुसता धीर न देता काम सोपवणं, ही ताईंची रीत मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

जागा सोडायची नाही, असं निखिलला बजावून ताईंनी त्याचा फोन राखून ठेवायला लावला. डोंगराजवळच्या चांदीप गावची तुकडी घळीच्या वर पोचली, तेव्हाच त्यांनी त्याला पुन्हा फोन केला. खाली निखिलला तुकडीची शिट्टी कुठून ऐकू येते, ते विचारायचं आणि वर तुकडीला सांगायचं. त्याचा फोन बंद पडला, पण तोवर त्याच्या हाकेला वरून ओ आली होती. तुकडीच्या म्होरक्याचा निरोप ताईंनी आम्हाला थेट ऐकवला, "ताई, गावला. पानी पाजलाय त्याला." आमच्या इमारतीच्या जिन्यात टाळ्या वाजल्या. डोंगरावर ऊन असतानाच तो स्ट्रेचरवरून खाली आला.

पुढच्या आठवड्यात ताई सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, घेऊन घरी आल्या. आता डोंगर कायमचा बंद, असं आई म्हणत होती. ताई निखिलला म्हणाल्या, "पाय बरा झाला की जा. फक्त कुठे जातोस, ते घरी सांगून जा." तो आज त्यांच्याच दोराच्या तुकडीत आहे आणि मी त्यांच्या ओटीवर, फोनपाशी.

पंचाहत्तरी गाठलेल्या ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यातल्या पुष्कळ दुपारी त्यांचा फोन मुळीच वाजू नये, कारण डोंगरात गेलेले सगळे आपल्या पायांनी घरी पोचलेले असावेत.