डाळिंबांच्या पिशवीतलं पत्रक

छापखान्यातून ताजी पत्रकं आली की शाईच्या वासानं मला आमच्या सांगलीच्या घरातला एक रविवार आठवतो. आम्हा भावंडांना आईनं शाळेत न घालता घरीच शिकवलं, आणि आईबाबांनी सांभाळायला घेतलेल्या आटपाडीकडच्या सहा वर्षांच्या मुलीलाही आई तीच अक्षरं शिकवत होती. मी गर्भपाताविरुद्ध पत्रकं लिहायचे. नकोशा जिवाला कचरा समजणाऱ्यांची मला भयंकर चीड, म्हणून नव्या पत्रकात ठोकून दिलं होतं, 'आमच्या घरातल्या मुलीला तिच्या आईनं टाकून दिलं.' त्या दिवशी चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आम्ही आलो तर तिची आई डाळिंबांची पिशवी घेऊन सोप्यात बसलेली. महिन्यातून एकदा ती लेकीला भेटायला यायची. "आये, मला वाचाय येतंय," म्हणत पोरीनं तिथंच ठेवलेल्या नव्या पत्रकांच्या गठ्ठ्यातलं एक ओढलं आणि बोट ठेवत नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. अक्षरं लावण्याच्या नादात अर्थाकडे तिचं लक्षच नव्हतं. "कुणी लिवलंय गं?" तिच्या आईनं विचारलं. "ताईनं," पोर कौतुकानं म्हणाली. बाई माझ्याकडे वळली. "आवं ताई, टीबी झाल्ता मला. पोरीला लागंल म्हून चर्चच्या सिस्टरच्या हातात दिली. लिवायच्या आदी इचारायचं तरी." जगाला जाब विचारत फिरणाऱ्या माझ्या तोंडून साधं 'चुकले' निघालं नाही. तिनं डाळिंबं परातीत ओतली आणि पत्रकाची घडी घालून रिकाम्या पिशवीत ठेवली. पुढं पूर्ण बरी होऊन ती लेकीला घेऊन गेली. आता लिहिण्याआधी मी विचारते, सगळ्यांना विचारते. फक्त त्या दोघींची माफी मागायला आटपाडीला अजून गेलेली नाही.