चिंच फिरवलेलं टेबल

गेल्या आठवड्यात सांगलीला लेकाच्या घरी संगमरवरी टेबल पॉलिश करायला माणूस आला. सुनेनं ते बाथरूमच्या ॲसिडनं पुसलं होतं. "माझ्याच हातनं झालं," असं तिनं सरळ सांगितलं. माणूस ओल्या दगडावर पावडर घासायला लागला, भिजल्या भिंतीसारखा वास सुटला आणि मला इस्लामपूरचं ते घर आठवलं.

तरुणपणी तिथं मी धुणंभांडी करायचे. एका सणाला समया चिंचेनं घासल्या आणि उरलेली चिंच बैठकीतल्या संगमरवरी टेबलावर फिरवली. पितळ उजळतं तर दगडही उजळेल, एवढीच माझी अक्कल. टेबल मोतीबिंदू पडल्यासारखं झालं.

मालकिणीनं नव्या सुनेला धरलं. "लिंबाचं सरबत सांडलंस न्हवं? माहेरी कवा संगमरवर बघितलायस का?"

"मी न्हाई सांडलं, आत्याबाई," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. चिंच फिरवताना तिनं मला पाहिलं होतं. काम जाईल म्हणून मी खाली मान घालून समया पुसत राहिले. तिनं माझं नाव घेतलं नाही.

"आजी, बघा, तोंड दिसतंय का?" पॉलिशवाल्यानं विचारलं.

दिसत होतं. मी तिथून उठले.