भोंगा झाल्यावरचा पूल

गिरणीजवळचा जुना पूल पाडायला काढलाय. परवा बघायला गेलो, तर पोलीस ओरडला, "आजोबा, बाजूला व्हा!" आणि मला माझाच जुना आवाज ऐकू आला.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. नवी पेठेतल्या एका स्टुडिओत मी नुकताच फोटोग्राफर म्हणून लागलो होतो. एक दिवस एक बाई आली. आदल्या वर्षी गिरणी सुटतानाच्या रेटारेटीत ह्या पुलाचा कठडा कोसळला आणि माणसं खाली रुळांवर पडली. त्यात तिचा नवरा गेला होता. त्याचा एकही फोटो तिच्याकडं नव्हता.

"पुलाचा तरी काडून द्या," ती म्हणाली. "पर भोंगा झाला की काडा."

साडेतीनचा भोंगा झाला. डोक्याखांद्यांवर कापसाचे तंतू घेऊन कामगार पुलावर लोटले. मी आपला "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत थांबलो आणि पूल रिकामा झाल्यावरच बटण दाबलं. नव्या सिमेंटचा कठडा तेवढा उठून दिसत होता. दुःखाचा फोटो असाच काढायचा असतो, एवढीच तेव्हा माझी अक्कल.

फोटोला अजून डार्करूममधल्या औषधाचा आंबूस वास येत होता. ती तो दारातल्या उजेडात घेऊन गेली आणि बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात मानसंच न्हाईत की."

"मुद्दामच घेतली नाहीत," मी तोऱ्यात म्हणालो.

"गर्दीत पाठमोरं कुनीतरी त्यांच्यावानी दिसलं असतं," ती म्हणाली. "मोकळा पूल तर मी रोजच बगते."