नववा फर्मा

माझी ताई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदांना घड्या घालते. सोळा पानांची एक घडी, तिला तिथे फर्मा म्हणतात. शाई फाकलेले फर्मे रद्दीत जातात, त्यातले ताई माझ्या भाचीसाठी घरी आणते. पोरगी अशी फर्म्याफर्म्याने वाचतच सतरा वर्षांची घोडी झाली.

या खेपेला कादंबरी होती. एक मुलगी गाव सोडून गेलेल्या मैत्रिणीला पत्रं लिहिते आणि लिहिता लिहिता मोठी होते. मायलेकी दोघींना या कादंबरीने वेड लावलं. नेमका तेव्हाच भाचीला दूरच्या शहरात नर्सिंगला प्रवेश मिळाला, ताईने साफ नाही म्हटलं आणि घरात अबोला सुरू झाला.

"मावशी, तिला सांग, मी जाणार."

"तिला म्हणावं, तंगडं मोडीन."

दोघी एकाच खोलीत, आणि मी मधल्यामध्ये पोस्टमन.

एका संध्याकाळी ताई पांढरीफटक होऊन घरी आली. नववा फर्मा तिने कारखान्यातच वाचला होता. त्यात कादंबरीतली मुलगी आई झोपेत असताना, कुणाला न सांगता घर सोडते. ताईने तो फर्मा गादीखाली सारला आणि मला दम दिला, "तोंड उघडलंस तर बघ!" त्या दिवसापासून ती दारातच अंथरूण टाकायला लागली. झोप कसली, जरा खुट्ट झालं की ताडकन उठून बसायची. भाचीची भरलेली पिशवी खाटेखाली होती, ती आम्हा तिघींनाही दिसत होती.

मग दहावा फर्मा आला. भाचीने तो वाचला, पुन्हा पहिल्या पानावर गेली.

"मावशी, तिला विचार, नववा कुठाय?"

"खराब झाला म्हणावं," ताई म्हणाली. ती उसवलेली उशी शिवत होती.

"खराब झाला म्हणूनच तर घरी येतो ना!"

ताईची सुई थांबली. मला वाटलं, आता कडाक्याचं भांडण होणार आणि ही पोर न सांगता निघून जाणार.

"राहू दे," भाची म्हणाली. "यात ती वसतिगृहात पोचलीय. मधलं मी मनानेच जुळवलं."

"काय जुळवलंस?" मी विचारलं.

"निघताना ती आईला उठवते. आई चिडते, रडते. मग आईच पिशवी उचलते आणि गाडीपर्यंत येते."

ताईने गादीकडे एकदा पाहिलं, पण हात घातला नाही. मी आपली निरोपाची वाट बघत होते.

"गाडी कितीची आहे गं?" ताईने विचारलं. माझ्याकडे न बघता.