आधी वीस, मग एकवीस

सलाम मंडळी. ह्या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. खरं सांगू? हसण्यासाठी वाचायचे. उलट्या पायांची बाई, निर्जन घाट, मागून आलेली हाक... नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि दोघं पोट धरून हसायचो. नववी-दहावीच्या मुलांना मी सायन्स शिकवलंय. "का?" हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, हे त्यांच्या डोक्यात भरवता भरवता माझ्याच हाडीमाशी भिनलं. त्यात आमच्या धर्मातही गेलेला माणूस परत येत नाही असंच शिकवतात. म्हणजे विज्ञान घ्या नाहीतर दीन-धर्म घ्या, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला मला कुठूनच परवानगी नव्हती.

तरी लिहितेय. कारण सांगायला दुसरी जागा नाही.

आम्ही रियाधला राहायचो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट — दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर. एसी डक्टचा, म्हणजे मशीन बाथरूमच्या फॉल्स सीलिंगमध्ये लपवलेलं आणि ते चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट हॉलच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या दाराशेजारी. नवरा नासिर. आम्ही दोघंही दापोलीकडचे. तो एसीचा टेक्निशियन, त्याचं काम बहुतेक अल सुलैच्या गोदामांमध्ये असायचं. सगळ्या रियाधला गार करणाऱ्या माणसाच्या घरचा एसी मात्र कायम कुरकुरणारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकदा हौसेने त्याने नवीन थर्मोस्टॅट आणून बसवला. चकचकीत स्क्रीन, मोठे आकडे. पण ह्या नव्या प्रकाराला सतत करंट लागतो आणि त्यासाठी मशीनपासून भिंतीपर्यंत एक जास्तीची वायर जोडावी लागते. तिला कॉमन वायर म्हणतात. ती जोडलेली नसेल तर आत दोन सेल घालून काम भागवायचं, आणि ते सेल सारखे संपतात. "पुढच्या जुम्म्याला कॉमन लावून टाकतो," नासिर म्हणायचा. किती जुम्मे गेले! एका शुक्रवारी मात्र खरंच शिडीवर चढला. सीलिंगचं झाकण उघडून आत काहीतरी खुडबुड चाललेली. मी सुरमई तळली होती, ती निवत होती. मी दोन हाका मारल्या, तिसरी जरा चढ्या आवाजात. आला बिचारा हात धुऊन. जेवला, झोपला, काम राहिलं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं — आकड्यावरून. मला सव्वीस हवा. तो दिवसभर पत्र्याखाली भाजून यायचा, त्याला हवा वीस. असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या अजानच्या सुमारास घरात शिरायचा, बूटही न काढता थर्मोस्टॅटपाशी जायचा आणि बोटाच्या पेराने — बोटं काळी असायची ना — टक टक टक करत वीसवर आणायचा. मी स्वयंपाकघरातून डोळे वटारले की हसून एकदा वरचं बटण दाबायचा. एकवीस. "घे, एक डिग्री तुझी." रोज. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही एक डिग्री त्याने कधी चुकवली नाही.

फेब्रुवारीत तो गेला. सुलैच्या एका गोदामाच्या छपरावर काम करत होता, छातीत दुखतंय म्हणाला, खाली बसला. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही. माती तिथेच, रियाधला. आमच्यात मातीला बायका जात नाहीत. त्याच्याबरोबर काम करणारा मुबीन, गुहागरचा, तो सगळं करून आला आणि दाराबाहेरून म्हणाला, "झालं, वैनी." कबर नक्की कुठली ते मला आजही दाखवता येणार नाही.

मग माझी इद्दत सुरू झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते — नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं, गरजेशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. आमचे इकामे, म्हणजे तिथे राहायचे परवाने, त्याच्या नोकरीवर होते, त्यामुळे ही मुदत संपली की मला आणि नऊ वर्षांच्या झोयाला देश सोडायचाच होता. तोवर तो फ्लॅट आणि आम्ही दोघी. झोया स्कूलबसने शाळेत जायची-यायची, सामान दुकानवाला दारात ठेवून जायचा. घरात तिसरं माणूस येत नव्हतं. हे लक्षात ठेवा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये एसीची गरज नव्हती. एप्रिलमध्ये उकडायला लागलं तशी मी थर्मोस्टॅटचं बटण दाबलं. लागला. सव्वीसवर ठेवला. आता कमी करणारं कुणी नव्हतं. भांडण मी जिंकले होते. त्या भिंतीपाशीच खाली बसून मी रडले.

दोन-चार दिवसांनी, संध्याकाळी घर एकदम गार वाटलं. बघते तर एकवीस. झोयाला झापलं.

"मम्मा, आय स्वेअर! मैंने टच भी नहीं किया!"

दुसऱ्या दिवशी तेच. असर झाली की एकवीस. मी काय घाबरणारी नव्हते, कारण शोधायला बसले. मोबाईलवरून हा थर्मोस्टॅट चालवता येतो, तर नासिरच्या फोनमध्ये काही वेळ लावून ठेवलेली असेल. त्याचा फोन कपाटात, बंद. घरातलं वायफाय काढून टाकलं. तरी एकवीस. मग एका दुपारी झोयाला आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलं, दार लावलं आणि थर्मोस्टॅटच्या समोर खुर्ची टाकून कोळंबी सोलत बसले. म्हटलं, बघूच तरी.

अजान झाली. आकडा हलला. पंचवीस. चोवीस. भराभर, घाईने दाबल्यासारखे... एकवीस, वीस. आणि थांबला. जरा वेळाने — एकवीस.

त्या एका डिग्रीबद्दल घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. सांगण्यासारखं होतंच काय त्यात?

भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटली. कोळंबीचे हात तसेच मांडीवर ठेवून मी विचारलं, "आलास?" फेब्रुवारीपासून छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं ना, तो दगड त्या दिवशी थोडा सरकला.

मग मी वाटच बघायला लागले. दुपारी आकडा मुद्दाम सव्वीसवर नेऊन ठेवायचे, म्हणजे त्याला खाली आणायला काहीतरी राहील. संध्याकाळी चादर गुंडाळून बसायचे. कुणाला सांगितलं नाही. झोयालाही नाही. मुलीला सांगणार काय — तुझी आई भिंतीची वाट बघते?

मेमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यात सेल संपल्याची खूण लुकलुकायला लागली, आणि माझं धाबं दणाणलं. सेल संपले आणि हा विझला तर? परत लागल्यावर असाच वागेल कशावरून? मला तो एकदाही विझायला नको होता. नासिरने ठरवलं होतं तीच कॉमन वायर लागली पाहिजे, म्हणजे सेलची कटकटच नको. मी मुबीनला फोन केला.

तो असरनंतर आला, नेहमीसारखा जिन्यातच उभा राहिला. दार लावलेलं.

"वैनी, मी आत येत नाय. घरात पुरुषमाणूस कोण नाय, लोक बघतात."

"तुम्हाला आत कोण बोलावतंय? बाहेरून सांगा, मी करते."

"तुम्ही करणार?"

"सर्किट शिकवलंय मी शाळेत."

"पुस्तकातल्या सर्किटाचा शॉक लागत नाय, वैनी," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. "आधी एसीचा ब्रेकर पाडा. पाडलात काय?"

पाडला. मशीनचा आवाज थांबला.

"आता थर्मोस्टॅट दोन्ही हातांनी धरा नि सरळ पुढे ओढा. मागची प्लेट नि वायरी भिंतीलाच राहतील."

ओढला. हातात आला. स्क्रीन चालूच होती — एकवीस.

"हा अजून चालू आहे," मी म्हटलं.

"सेलवर असेल. मागचं झाकण काढून सेल बदलूनच टाका."

झाकण काढलं. आत सेल नव्हते. दोन्ही खाचा रिकाम्या.

झोया सोफ्यावरून बघत होती. म्हणाली, "वो तो पापाने रिमोट में डाले थे ना. कार्टून के लिए."

"कधी?"

"दॅट लास्ट मॉर्निंग, मम्मा. बोले थे, शाम को नये लाऊँगा."

फेब्रुवारीतली ती सकाळ. तेव्हापासून आत सेल नाहीत. कॉमन वायर जोडलेली नाही. आता तर भिंतीपासूनही सुटा, माझ्या हातात, आणि एकवीसचा आकडा जळतोय. दाराशी जाऊन मी मुबीनला हे सगळं सांगितलं. दारापलीकडून पुटपुटल्यासारखं दुआ पढणं ऐकू आलं.

"वैनी, काम राहू दे काय?" त्याने विचारलं.

राहू दिलं असतं तर... हा विचार मी नंतर हजारदा केला. पण तेव्हा माझं लक्ष स्क्रीनकडे होतं. आकडा फिकट होत चालला होता. मला एवढंच कळत होतं की तो विझतोय आणि त्याला वायर दिली की वाचेल.

"लवकर सांगा, कॉमन कुठली? इथे दोन वायरी मोकळ्या आहेत, निळी आणि चॉकलेटी."

"बहुतेक निळी असते. पण रंगावर जाऊ नका. वर मशीनला सी लिहिलेल्या जागी कुठली लागलीय ते बघा, तीच तुमची कॉमन. नासिरभाईंनीच शिकवलंय आम्हाला... रंग काय कुणीही बदलतो, वायर पोचते कुठे ते बघायचं."

थर्मोस्टॅट झोयाच्या मांडीवर ठेवला, "ह्याच्यावर लक्ष ठेव," म्हटलं आणि बाथरूममध्ये शिडीवर चढले. झाकण उघडून टॉर्च मारला. सी वर चॉकलेटी वायर लागलेली होती. घट्ट, आणि टोकाशी पांढऱ्या टेपचे दोन वेढे. माझ्या डावाच्या तुटक्या दांड्यालासुद्धा तो असेच दोन वेढे मारायचा. म्हणजे वरचं, अवघड काम त्या सुरमईच्या शुक्रवारी त्याने करून ठेवलं होतं. फक्त भिंतीकडचं टोक राहिलं होतं... हात पोचेल एवढ्याशा अंतरावरचं. मी शिडीवरच कपाळ टेकून उभी राहिले.

"मम्मा," झोयाने हाक मारली, "इट वेंट ऑफ."

खाली आले तेव्हा स्क्रीन काळी होती. चॉकलेटी वायर प्लेटवर सी मध्ये घातली, स्क्रू आवळला, थर्मोस्टॅट बसवला, ब्रेकर वर केला. लागला. इतका लख्ख तो कधीच लागला नव्हता. भाषा विचारली, तारीख विचारली, वेळ विचारली. ओळख ना पाळख, नव्या पाहुण्यासारखा. मी सव्वीसवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी असर झाली. सव्वीस. तिसऱ्या दिवशी सव्वीस. एकदा मी वायर परत काढूनही बघितली, रिकामा थर्मोस्टॅट हातात धरून मगरिबपर्यंत, सूर्य मावळेपर्यंत, उभी राहिले. काही नाही. परत जोडली. कॉमन वायर उत्तम लागली होती, काम अगदी चोख झालं होतं, आणि असं काम मी का केलं म्हणून मला स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटले.

मुबीन म्हणतो, "नासिरभाईंचं अर्धं काम राहिलं होतं वैनी, ते झालं नि सुटले." मी त्याला म्हटलं, घरातली शंभर कामं अर्धी टाकून गेलाय तो. गळका नळ, कपाटाची बिजागरी, मुलगी. त्यांच्यासाठी का नाही थांबला? फिजिक्सवाल्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, आत थोडा चार्ज उरतो, पण तो काही क्षणांचा. महिनोन्महिने नाही. आणि चार्ज उरला तरी तो वीसवर जाऊन एकवीसवर का येईल, हे मी तिला विचारलंच नाही.

निघायच्या दिवशी मुबीनने गाडी कब्रस्तानाच्या भिंतीशी थांबवली. भिंतच बघितली, दुआ केली आणि एअरपोर्टला गेलो. थर्मोस्टॅट तिथेच ठेवला. नव्या भाडेकरूंना त्रास देणार नाही.

आता दापोलीला माहेरी असते. भावाने आमच्या खोलीत साधा, रिमोटवाला एसी बसवून दिलाय. काय घडलं ते मला आजही कळलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी समजावलंत तर ऐकून घेईन, वाद घालणार नाही. दुपारी मी आकडा सव्वीसवर ठेवते. असरची अजान झाली की थोडा वेळ वाट बघते. काही होत नाही. मग मीच रिमोट उचलते, वीसपर्यंत खाली नेते आणि एक डिग्री स्वतःला परत देते.