नाथाचा कान

शंकरराव वस्तादाचं नुसतं नाव काढलं तरी बनूबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अंबरनाथच्या कारखान्यातला हा देशावरचा गडी शिरगावच्या शाळेत पोरांना कुस्ती शिकवायला आला, आणि तिचा नाथा तिचा राहिलाच नाही. तिनं हौसेनं केलेलं सुकटीचं कालवण तो बाजूला सारायचा, कारण वस्तादानं तिखट बंद केलं होतं. तिची हाक त्याला शेजारच्या खोलीतून ऐकू येत नसे; वस्तादाची शिट्टी मात्र शेतापल्याडून ऐकू यायची. म्हशीचं दूध काढायचं तिनं, आणि पोराला घडवलं म्हणे वस्तादानं!

अठ्ठ्याऐंशी साली नाथानं जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत कुस्ती मारली. गावानं फेटा बांधला तो वस्तादाला. नाथाही आधी वस्तादाच्या पाया पडला, मग आईच्या. शेजारची वेणूबाई कौतुकानं म्हणाली, "कान बघ गं त्याचे! अगदी वस्तादावर गेलाय पोरगा."

बनूबाईनं पाहिलं. झटापटीत घासून घासून नाथाचे कान वस्तादासारखेच सुजून घट्ट झाले होते. तान्हा असताना याच कानांना तिनं रोज तेल लावून, चोळून आकार दिला होता.

घरी तिनं मुद्दाम सुकटच वाढली. नाथानं वाटी सरकवली. तशी ती मागून आली आणि लहानपणी पिळायची तसा तिनं दातओठ खात त्याचा कान पिळला. सुपारीसारखा टणक कान जरासुद्धा वळेना.

नाथानं मानही वळवली नाही. जेवता जेवता म्हणाला, "माती राहिली का गं कानाला?"