शालनचा न आलेला सुळा

“सोमवारी टेबलावर घ्या. वरचा अर्धा जबडा काढू,” सर म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळलेसुद्धा.

सर म्हणजे आमचे मोठे सर्जन. मी सोलापूरच्या त्या इस्पितळातला दातांचा डॉक्टर, म्हणजे त्यांच्या लेखी अर्धाच डॉक्टर. पेशंट होती माळशिरसकडची चौदा वर्षांची शालन. नाकाशेजारी सुपारीएवढी टणक गाठ, वर्षभर हळूहळू वाढलेली, दुखत मुळीच नव्हती. दात मात्र मिश्रीनं काळे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. सरांना तेवढं पुरलं. कॅन्सर ठरवून मोकळे झाले.

“सर, आधी तुकडा काढून तपासायला पाठवू या का?”

“पुण्याहून रिपोर्ट यायला तीन आठवडे. तोवर गाठ डोळ्यात जाईल. तुम्ही दात बघा.”

बघितले की. चांगले मोजले. वरचा एक सुळा नव्हता.

“हा कधी पडला?” मी तिच्या आईला विचारलं.

“दुदाचा पडला. पक्का आलाच न्हाय. डाक्टर, अर्दा जबडा गेल्यावर पोर भाकर कशानं खाईल ओ?”

मी एक्स-रे काढून घेतला. गाठीच्या जागी काळा गोल, आत पांढरं टोक.

“फिल्मवरचा ओरखडा आहे,” सर म्हणाले. आमच्या डार्करूममध्ये फिल्म हातानं धुवायचे, ओरखडे रोजचेच. म्हणून मी हातापाया पडून दुसरी फिल्म काढून घेतली. पांढरं टोक तिथंच. ओरखडा कसला डोंबलाचा, गाठीच्या पोटात अडकलेला सुळा होता तो. अशी गाठ क्वचितच दिसते, तीही बहुतेक कोवळ्या वयाच्या मुलींत. ती कॅन्सर नसते. भोवतीच्या पिशवीसकट काढली की काम संपलं.

सरांनी दोन्ही फिल्म उजेडात धरल्या. “काढा तुम्ही. पिशवी सुटली नाही, तर बाजूला व्हायचं. मग जबडा मी काढणार.”

सोमवारी ओठाच्या आतून चीर दिली. गाठ अख्खी सुटून आली, सुळा आतच. जबडा जागेवर राहिला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला, साधी गाठ. तोवर शालन घरी जाऊन भाकरी चावत होती.

पुढच्या राउंडला सर शिकाऊ डॉक्टरांना सांगत होते, “या वयात दात कमी दिसला की आधी एक्स-रे. कापायची घाई करणारे मला खपत नाहीत.”

मी मागं उभा राहून मान डोलावली. नसती डोलावली, तर पुढच्या पोरीचे दात मला कोण मोजू देणार होतं?